तेरा आठवड्यांत गोष्ट संपायची

परसदार

गेल्या रविवारी जेवणं आटोपल्यावर सून आणि मी बोलत बसलो होतो. ती रात्री साडेआठची एक मालिका बघते, तिसरं वर्ष चालू आहे. मी सहज विचारलं, "शेवटी काय होणार असेल गं?" ती म्हणाली, "बाबा, शेवट नसतो. एक दिवस बंद होते." ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

जुन्या दूरदर्शनबद्दल बोलायला लागलं की लोक म्हणतात, तुम्ही तेव्हा लहान होतात म्हणून गोड वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. तेव्हाच्या मालिकांना शेवट होता. वर्षाचे 52 आठवडे, त्याचे चार भाग केले की तेरा. मालिका मंजूर व्हायची ती या तेराच्या हिशेबात. तेरा, फार तर सव्वीस, नशीब असेल तर बावन्न. लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असायचं की आपल्याला कुठल्या काठाला लागायचंय. त्यामुळे ज्या पुस्तकांना शेवटचं पान आहे अशी पुस्तकं पडद्यावर येऊ शकली. ताम्हनकरांचा गोट्या आला, मालगुडी आलं. फाळणीच्या दंगलींवरचं 'तमस' तर सगळं मिळून जेमतेम पाच तासांचं. जानेवारी 1988 मध्ये ते थांबवावं म्हणून लोक कोर्टात गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ते स्वतः बसून पाहिलं आणि दाखवायला हरकत नाही असं सांगितलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. न्यायाधीशांना ते बघता आलं कारण ते आख्खं होतं. आजची चालू मालिका कोणी कोर्टात नेली तर न्यायमूर्ती काय बघतील?

जाहिरातींचंही तेच. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती 1 जानेवारी 1976 पासून सुरू झाल्या. बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आधी त्या एकगठ्ठा लागायच्या आणि आम्ही त्यासाठी वेळेवर येऊन बसायचो. वनराज भाटियांसारखा माणूस लिरिल साबणाच्या जाहिरातीचं संगीत करत होता आणि 'तमस'चंही. धबधब्याखालच्या तीस सेकंदांना त्याने पाच तासांच्या मालिकेइतकाच जीव लावला. अर्ध्या मिनिटात सुरुवात, मध्य, शेवट. तो घाट आता मला दिसत नाही.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे लाकडी शटरचा होता. शटर सरकवताना जो खर्र आवाज यायचा, त्याने जिन्यावरची सगळी पोरं गप्प व्हायची. चिमणराव लागायचा. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी तोच भाग पाहिलेला असायचा. त्याबद्दल मी बोलत नाही, कारण ती आठवण झाली आणि तिथे तुम्ही मला लगेच पकडाल. मी बोलतोय ते घाटाबद्दल, शेवटाबद्दल. पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं.

दुसरा_खर्डा

काका, मी मालिका लिहिते. अकरा वर्षं झाली. म्हणून हे मनाला लागलं आणि म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी तुमच्याच दूरदर्शनचा दाखला. दूरदर्शनवरचं 'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं. ठरलं होतं 52 भागांचं. तीनदा वाढवून ते 78 भागांवर गेलं आणि 31 जुलै 1988 ला संपलं. संपलं म्हणजे काय, तर पुढचा लव-कुशाचा भाग दाखवणार नाही हे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. मग उत्तर रामायण निघालं. म्हणजे शेवट नको, ही मागणी चॅनलच्या केबिनमध्ये जन्माला आलेली नाही. ती प्रेक्षकांची होती, आणि ती दूरदर्शनच्याच काळात होती. 'हम लोग' 1984 च्या जुलैत सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चाललं, दीडशेच्या वर भाग. मराठीतली पहिली रोजची मालिका 'दामिनी', तीही दूरदर्शनचीच. तिचे भाग हजाराच्या वर गेले. मग तेराचा आकडा नेमका कुठल्या दूरदर्शनचा?

आता माझ्या बाजूचं. सकाळी नऊच्या शिफ्टला जो सीन लागणार असतो तो मी रात्री दोन वाजता पाठवलेला असतो. गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचे, आकडे येतात. आकडा पडला की शुक्रवारी ट्रॅक, म्हणजे कथेची दिशा, बदलतो आणि बँकेत ठेवलेले चार भाग कचऱ्यात जातात. बँक म्हणजे पुढचे लिहून, शूट करून ठेवलेले भाग. हे चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण या चक्रावर किती घरं चालतात ते बघा. स्पॉटदादा, लाइटवाले, मेकअपवाल्या ताई, सेटवर चहा देणारा मुलगा. तेरा भागांच्या काळात नट बँकेत नोकरी करून संध्याकाळी शूटिंगला जायचे, कारण तेरा भागांवर घर चालत नव्हतं. आज माझ्यासारखी विट्याची मुलगी निव्वळ लिहून घर चालवते.

आणि शेवटची गोष्ट. माझ्या आईला पक्षाघात झाला. चार वर्षं अंथरुणात होती. नातेवाईक पहिले दोन महिने आले, मग फोन, मग फोनही नाही. रोज साडेसातला न चुकता तिच्या खोलीत येणारी माणसं फक्त मालिकेतली होती. ती नायिकेच्या सासूशी भांडायची, तिच्या मंगळागौरीला मला फुलं आणायला लावायची. तेरा आठवड्यांनी ती माणसं निघून गेली असती तर? तुम्ही ज्याला "शेवट नसणं" म्हणता, तो आमच्या घरात आधार होता.

परसदार

ताई, तुमच्या आईंबद्दल वाचलं आणि लगेच उत्तर लिहिवेना. दोन तासांनी लिहितोय.

रामायणाचं मान्य. पण तिथे गोष्ट शिल्लक होती. वाल्मीकींच्या नावावर उत्तरकांड आहेच, लोकांनी ते मागितलं. रावण मेल्यावर त्याचा जुळा भाऊ आणा, असं जालंधरमध्ये कोणी म्हणालं नाही. 'हम लोग' दीडशे भागांनी का होईना, 17 डिसेंबर 1985 ला अशोक कुमारांनी नमस्कार करून संपवलं. आकडा तेरा असो की दीडशे, काठ दिसत होता. तुमचे चार भाग शुक्रवारी कचऱ्यात जातात असं तुम्हीच लिहिलंत. ज्या गोष्टीचा उद्याचा भाग गुरुवारच्या आकड्यावर ठरतो, ती गोष्ट कोणाची? तुमची नाही, हे मला जास्त लागतं. तुमच्यात दम नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुम्हाला तेरा भाग कोणी देत नाही, हे माझं दुःख आहे.

नटांच्या नोकरीचं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गिरणगाव

वर "शटरच्या आवाजाने जिन्यावरची पोरं गप्प व्हायची" असं वाचलं. मी त्या जिन्यावरचा. फरक एवढाच की आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता ते रविवारच्या पिक्चरला पोरांकडून चार आणे घ्यायचे. चार आणे दिले तर खोलीत, नाही तर उंबऱ्याबाहेर. उंबऱ्याबाहेरून पडद्याची उजवी बाजू दिसत नसे, तिथे कपाट होतं. मी कितीतरी पिक्चर डाव्या अर्ध्या भागाचे पाहिलेत. आजही एखादा जुना सिनेमा लागला की मी नकळत उजवीकडे बघतो, तिथे काय होतं म्हणून.

साल सांगतो म्हणजे कळेल. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी टीव्ही रंगीत झाला, नोव्हेंबरात एशियाड दाखवलं. तुमच्या आठवणीत 1982 म्हणजे रंग. माझ्या आठवणीत वडील दिवसभर घरी बसलेले आणि आईने खानावळीचे डबे सुरू केलेले.

आणि त्या संध्याकाळी पडद्यावर येणाऱ्या जाहिराती. एका पेयाची होती. दुधात घालून प्यायलं की मुलं उंच होतात, अभ्यासात पुढे जातात. मी वर्गात सगळ्यात बुटका. आईला म्हटलं, मला ते पाहिजे. एकदा नाही, रोज. पंधरा दिवसांनी घरात तो डबा आला. तोच, लेबलसकट. मी रोज सकाळी ते प्यायचो आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलने खूण करायचो. मोठा झाल्यावर कळलं. आईने समोरच्या बिऱ्हाडातून रिकामा डबा मागून आणला होता आणि त्यात नाचणीचं सत्त्व भरलं होतं. डबा संपू नये म्हणून ती मला शाळेत पाठवून मागाहून भर घालायची.

परसदार, तुम्ही म्हणता अर्ध्या मिनिटात सुरुवात, मध्य, शेवट. त्या अर्ध्या मिनिटाचा शेवट आमच्या घरात असा झाला. घाट सुंदर होता, ते खरंच आहे. पण तो घाट ज्याला परवडत नव्हतं त्याच्या लेकरालाही दाखवला जात होता, आणि दुसरं चॅनल नव्हतं की आई बदलेल. तेव्हा "सगळे एकच बघायचे" हे लोक जे कौतुकाने म्हणतात, ते मला कधी कौतुकाचं वाटलं नाही. सगळे एकच बघायचे, पण सगळे आत बसून नाही.

नवी_पेठ

मी सव्वीस वर्षांची आहे, जाहिरातीचं लेखन करते. या जाहिराती मी फक्त मोबाइलवर पाहिल्यात, तेव्हा माझ्याकडे आठवण नावाचं काही नाही. तरी मी परसदारकाकांच्या बाजूने आहे.

गिरणगावकाका, तुमचं वाचून घशाशी आलं. पण सगळ्या जाहिराती तशा नव्हत्या. सर्फची ललिताजी बघा. त्या वेळी निरमा कितीतरी स्वस्त मिळत होता आणि घराघरात शिरला होता. तेव्हा ॲलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने एक भाजी घेणारी, भाव करणारी बाई उभी केली. ती स्वप्न दाखवत नाही, हिशेब मांडते. स्वस्त पावडर एक किलो लागते तिथे ही अर्धा किलो पुरते, म्हणून घेते. आज आम्हाला ब्रीफमध्ये, म्हणजे काम देताना येणाऱ्या टिपणात, "भावना" लिहून येते. ग्राहक बाईला हिशेब कळतो, असं धरून लिहिलेली एकही ओळ गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून मंजूर झालेली नाही.

आणि ललिताजी झालेल्या कविता चौधरींनीच पुढे 1989 मध्ये 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारी कल्याणी सिंगचं काम केलं. गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून घेतलेली. कांचन चौधरी, आयपीएस, पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. कुठल्याही राज्यात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या बाई. पावडर विकणारी आणि वर्दी घातलेली, दोन्ही एकाच बाईने एकाच पडद्यावर उभ्या केल्या. 2024 मध्ये कविता चौधरी गेल्या तेव्हा मी ऑफिसात एकटी बसून ते तीस सेकंद चार वेळा पाहिले.

गिरणगाव

@नवी_पेठ, बाळ, ललिताजीचा हिशेब बरोबरच होता. अर्धा किलो एक किलोचं काम करतो, हे आईला जाहिरातीशिवायही कळत होतं. पण अर्ध्या किलोचं महाग पाकीट घ्यायला त्या दिवशी हातात तेवढे पैसे लागतात. आमच्याकडे वाण्याचं पुस्तक होतं, त्यात पाव किलो, छटाक असंच लिहिलेलं असायचं. पुढे एक रुपयाच्या पुड्या आल्या तेव्हा आमच्यासारख्यांचा हिशेब कोणीतरी पहिल्यांदा मांडला. समजूतदारपणाला आधी खिशात काहीतरी असावं लागतं, एवढंच मला म्हणायचंय. बाईंबद्दल मला आदर आहे, 'उडान' मी नंतर सगळी पाहिली. तोवर आमच्या घरी टीव्ही आला होता.

कोरडवाहू

मी बीड जिल्ह्यातला. तुम्ही सगळे मुंबई-पुण्याचे दिसता, म्हणून एक वेगळीच बाजू मांडतो.

आमच्या गावात ग्रामपंचायतीचा टीव्ही होता. लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली शिपायाकडं. शिपाई सोयऱ्याच्या लग्नाला गेला की गावाचा टीव्ही बंद. अँटेना बाभळीच्या उंच वाश्यावर बांधलेला. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या, मग एक पोरगं वर चढायचं, खालून दुसरं ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

'आमची माती, आमची माणसं' लागायचं तेव्हा पेटीपुढं माणसं जमायची, तीही वही घेऊन. माझ्या चुलत्यानं कपाशीवरच्या बोंडअळीची फवारणी तिथं बघून लिहून घेतली आणि तो कागद कितीतरी वर्षं माळवदाच्या खुंटीला अडकवलेला होता. त्या एका कार्यक्रमासाठी मी दूरदर्शनला कायम मानीन. आज दोनशे चॅनल आहेत, चुलत्याच्या वहीत लिहावं असं त्यात काही नाही.

पण मालिका? त्यातली माणसं आमच्यासारखी बोलायची नाहीत. सगळी पुस्तकातलं मराठी बोलायची, पुण्यातल्या वाड्यातलं. आमच्या बोलीतला माणूस आला तर तो घरगडी, नाही तर हसं करायला. आम्ही पेटीपुढं बसून आमच्याच बोलण्यावर हसायचो, कारण टीव्हीतले लोक हसायचे. शाळेत मास्तर म्हणायचे, बातम्या ऐका, तसं शुद्ध बोला. मी तसं बोलायला शिकलो. मग सुट्टीत घरी गेलो की आजी म्हणायची, "ह्यो कुणाचा आलाय बाबा पावना?"

तवा सांगतो, 2016 मध्ये कोल्हापूरच्या मातीतली 'तुझ्यात जीव रंगला' आली, पुढच्या साली साताऱ्याकडची 'लागिरं झालं जी'. नायक-नायिकाच गावाकडचं बोलतात, हसं करायला नाही, प्रेम करताना. माझ्या बायकोनं पहिल्या दिवशी आवाज वाढवला आणि शेजारणीला हाक मारली. त्या मालिका किती ताणल्या, शेवट कसा झाला, याचं मला सोयरसुतक नाही. परसदार सर, तुम्हाला शेवट पायजे. आम्हाला आधी सुरुवात पायजे होती.

दुसरा_खर्डा

कोरडवाहू दादा, हे मी आमच्या लेखकांच्या ग्रुपवर टाकू का? विट्याची असून मीसुद्धा पहिली तीन वर्षं पुण्याचंच मराठी लिहीत होते. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच.

कोरडवाहू

टाका की ताई. नाव नका टाकू फक्त.

शेवंता

इथे भांडण कोणत्या बाजूचं आहे ते मला नीट ठरवता येत नाही. एक गोष्ट सांगते.

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. मुंबईत कर्णबधिरांच्या शाळेत शिकली, मराठी वाचता येतं, हातांच्या खुणांनी भराभर बोलते. आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता बातम्या लागल्या की बाबा आणि आम्ही भावंडं ऐकायचो. आई आमच्या चेहऱ्यांकडे बघायची. काही मोठं झालं की विचारायची, काय झालं? आम्ही म्हणायचो, थांब, संपू दे. संपल्यावर आम्ही दोन वाक्यांत सांगायचो. तीस वर्षं तिला जग असं दोन वाक्यांत मिळालं.

रविवारी दुपारी मात्र दूरदर्शनवर खुणांच्या बातम्या लागायच्या. त्या वेळी घरातलं चित्र उलटं व्हायचं. आई पुढे बसायची, आम्ही मागे. ती मान न वळवता एक हात वर करायची, म्हणजे थांबा, संपू दे. मग वळून आम्हाला सांगायची. आठवड्यातून एकदा तिला काहीतरी आमच्याआधी कळायचं. त्यानंतर ती स्वयंपाकघरात जायची ती ताठ मानेने, हे मी लहानपणी पाहिलंय.

त्याच दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कार मिळालेले सिनेमे लागायचे. बाबा झोपायचे, बंगाली-मल्याळी कोण बघतो म्हणून. आईला बंगाली काय आणि मराठी काय, ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. खाली इंग्रजी अक्षरं असत, ती तिला वाचता येत नसत. तरी ती बघायची. म्हणायची, या सिनेमांत माणसं हळू चालतात, त्यामुळे कळतं. जाहिरातीही तिला आवडायच्या, त्याच कारणाने. लिरिलमधला धबधबा तिला पुरेपूर कळायचा. पुढे 2002 पासून चित्रहारच्या गाण्यांखाली हिंदी अक्षरं यायला लागली, तेव्हा देवनागरी म्हणून ती वाचू लागली आणि तिला कळलं की गाण्यात एकच ओळ परत परत म्हणतात. तिला याचं फार नवल वाटलं. मला विचारलं, विसरतात का?

आज तिच्या मोबाइलवर हवं ते आहे. पण आमच्या टीव्हीवर मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं मी अजून पाहिलेली नाहीत. दुसरा_खर्डा ताई, तुमचे संवाद माझ्या आईला कधी मिळालेले नाहीत. ते लिहिलेले असतातच ना तुमच्याकडे? टाइप केलेले? मग ते पडद्याखाली का येत नाहीत?

दुसरा_खर्डा

असतात. प्रत्येक सीन देवनागरीत टाइप केलेला असतो. सेटवर थोडे शब्द बदलतात, तेवढे दुरुस्त करायचे. मला याचं उत्तर देता येत नाही ताई. सोमवारी मीटिंग आहे, विचारते. काय म्हणाले ते इथे येऊन लिहीन, नाही म्हणाले तरी लिहीन.

ट्रॅकिंग

मी टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्ती केली, बावीस वर्षं. लग्नाचं शूटिंगही केलं. परसदार साहेबांना एक धंद्यातली गोष्ट सांगायची आहे, कारण ते घाट, घाट म्हणताहेत.

त्या काळी टेप महाग होती. केंद्रातसुद्धा एका कार्यक्रमावर दुसरा रेकॉर्ड व्हायचा. जुनं पुसून नवं. सुरुवातीचं कितीतरी तर थेट प्रक्षेपण, रेकॉर्ड झालंच नाही. तेव्हा आज तुमच्यापुढे जे शिल्लक आहे ते कोणीतरी जपण्यालायक मानलं म्हणून शिल्लक आहे. रटाळ नाटुकली, पाटीवर "व्यत्ययाबद्दल क्षमस्व" लिहून वीस मिनिटं तबला, एकाच खुर्चीत बसून तासभर पुस्तकी भाषण, हे पुसलं गेलं. टेपवरनंही आणि तुमच्या डोक्यातनंही. उरलेल्या दहा चांगल्या मालिका तुम्ही आजच्या सगळ्या मालिकांशी तोलताय. तराजूच्या एका पारड्यात निवडलेले आंबे, दुसऱ्यात आख्खी पेटी. वीस वर्षांनी आजच्यातलेही दहा आंबे उरतील.

मला दूरदर्शनचा राग नाही. त्याच्यावर माझं घर उभं राहिलं. महाभारताच्या काळात शनिवारी रात्री अकरा वाजता लोक सेट घेऊन दारात यायचे, सकाळी नऊच्या आत दुरुस्त करून द्या म्हणून. एकदा एक म्हातारे गृहस्थ सेट हातगाडीवर घालून आले, गोधडीत गुंडाळून. पिक्चर ट्यूब गेलेली. मी सांगितलं, होणार नाही. तर ते म्हणाले, चित्र नको, आवाज तरी द्या. आवाज काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

परसदार

ट्रॅकिंग भाऊ, आंब्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी रात्री बसून आठवायचा प्रयत्न केला, की मला कंटाळा आलेले कार्यक्रम कोणते. दोनच आठवले. म्हणजे तुम्ही म्हणता तसं पुसलं गेलंय.

गिरणगाव, तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या खुणा मी विसरणार नाही. काकूंचा टीव्ही फुकट होता की नाही, हे मी कधी स्वतःला विचारलंही नव्हतं. आत्ता मोठ्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आई त्यांच्या घरी दर दिवाळीला चकल्यांचा एक डबा पाठवायची, तो कशाबद्दल वाटला तुला?

शेवटाबद्दलचं माझं मत मात्र सोडत नाही. पुसून उरलेल्यात ते दिसतं म्हणून नाही, तर सून म्हणाली म्हणून. ती रोज बघते, तिला आवडतं, आणि तिलाच माहीत आहे की हे कुठे जाणार नाही. जे कुठे जाणार नाही ते बघत राहावं लागणं, यात मला थकवा दिसतो. दुसरा_खर्डा ताईंच्या आईंना ती माणसं रोज यावीशी वाटली, ते मी समजू शकतो. पण ताई, मालिका बंद झाली तेव्हा काय झालं? त्यांना निरोप मिळाला का?

दुसरा_खर्डा

नाही. वेळ बदलली, रात्री साडेदहाला नेली, तेव्हा आई झोपलेली असायची. मग बंद झाली. आईला मी शेवट माझ्या मनाने सांगितला. सासूने माफी मागितली, असा. तिला पटला.

काका, तो मी लिहिलेला एकमेव शेवट.

नवी_पेठ

मला यापुढे काही लिहिता येत नाही. फक्त वाचतेय.

परसदार

ताई, तो शेवट आईंना पटला ना, मग तो खरा.

ट्रॅकिंग भाऊ, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझ्याकडे एक व्हीएचएस कॅसेट आहे. 1991 च्या गणपतीत मेहुण्याने नवीन व्हीसीआर घेतला, तेव्हा हौसेने एक आख्खी संध्याकाळ रेकॉर्ड केली होती. कुठला कार्यक्रम वगैरे निवडून नाही. बटण दाबलं आणि आरतीला गेला. त्यामुळे त्यात निवेदिका आहे, सगळ्या जाहिराती आहेत, मध्ये दोन-चार मिनिटं नुसती पाटी आहे. तुम्ही म्हणता ती आख्खी पेटी, निवडलेले आंबे नव्हेत. मला ती बघायची आहे, माझं म्हणणं टिकतं का ते बघायला. पण कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. भावाच्या मुलाकडे जुना प्लेअर आहे, लावून बघू का?

ट्रॅकिंग

लावू नका! अजिबात लावू नका. ती बुरशी आहे. प्लेअरमध्ये घातली तर हेडला लागेल, फीत अडकून तुटेल आणि तो प्लेअरही नासेल. फिरवूनही बघू नका.

कॅसेट उभी ठेवा, पुस्तक ठेवतो तशी. आडवी नको. कपाटात नको, तिथे ओल असते. प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, औषधाच्या बाटलीत असतात त्या. उन्हात वाळवायला ठेवू नका, लोक ठेवतात आणि फीत वाकडी होते. टीव्हीवर, स्पीकरजवळ ठेवू नका.

मागच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते उघडून दोन्ही रिळं काढायची, हाताने हळूहळू फिरवत अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडातून फीत ओढून घ्यायची, मग दुसऱ्या चांगल्या खोक्यात भरायची. तीन तासांची कॅसेट असली तर दोन दिवस जातात. दुकान बंद केलं तरी माझ्याकडे एक प्लेअर अजून चालू आहे, संगणकावर उतरवायची पेटीही आहे. कुरिअरने पाठवू नका. तुम्ही डोंबिवली-कल्याणकडचे असाल असा अंदाज आहे, मी अंबरनाथला असतो. निरोपाच्या खिडकीत पत्ता टाका, शनिवारी येऊन घेऊन जातो.

आणि एक. उतरवताना मी काही कापणार नाही. पाटी आहे तेवढी पाटीही राहील, तबल्यासकट.

शेवंता

उतरवून झाल्यावर मला मिळेल का? ती गणपतीतली संध्याकाळ रविवारची असेल तर दुपारपासून रेकॉर्ड झालंय का, तेवढं बघाल?